दात घासायची सवय घरात कशी बदलली? (आईची मिश्री, लेकाची दाढ)

कांचन_जुळे
६ जानेवारी, रात्री १०:४२

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

माझी आई ६१ वर्षांची. माहेर-सासर दोन्ही वैरागकडचं, आता चार वर्षं आमच्याजवळ जुळे सोलापुरात असते. बारा वर्षांपासून शुगर. गोळ्या वेळच्या वेळी, भात जवळजवळ बंद, दोन वेळा ज्वारीची भाकरी, संध्याकाळी चालणं. तरी तीन महिन्यांची शुगर (एचबीएवनसी) काही केल्या ९ च्या खाली येईना. डिसेंबरात ९.२ आली. शुगरच्या डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आजी, जरा तोंड उघडा." आईने आधी माझ्याकडे बघितलं. पदर तोंडाला लावूनच बोलायची सवय तिला.

ती सतराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावते. पहाटे एकदा, जेवणानंतर, दुपारी, चहानंतर, झोपताना. दिवसातून पाच वेळा तरी. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास म्हणजे माझ्यासाठी आजोळचा वास. तिचे दात मी लहानपणापासून काळेच बघितलेत, त्यामुळे तो आजार असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिरड्यांत पू आहे, खालचे पुढचे तीन दात हलताहेत आणि हिरड्या अशा असतील तर शुगर आटोक्यात यायला जड जातं. खालच्या ओठाच्या आत एक पांढरट चट्टाही आहे म्हणाले.

त्याच दिवशी सात वर्षांच्या लेकालाही दाखवलं. दाढेला खड्डा होता. मी म्हटलं, दुधाची आहे, पडेल. डॉक्टर म्हणाल्या, ही दुधाची नाही, ही जन्मभराची. तिथेच डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

उपचार सुरू करतोच आहोत. पण डॉक्टर महिन्यातून एकदा भेटणार, घरात रोजची मी. तुम्हाला विचारायचं ते हे: मोठ्या माणसाची चाळीस वर्षांची मिश्री कुणी सोडवली आहे का? कशी? आणि रात्री ब्रश करायची सवय सगळ्या घराला कशी लावली? आमच्याकडे रात्रीचा ब्रश कुणीच करत नाही, नवराही नाही. अनुभव लिहा, प्लीज.

---

हुरडा_पार्टी
६ जानेवारी, रात्री ११:०५

आईंना लवकर बरं वाटो. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, म्हणून वाचतोय.

---

विजापूर_वेस
६ जानेवारी, रात्री ११:३०

रात्रीच्या ब्रशचं सांगतो. झोपायच्या वेळेला जोडू नका, जेवणाला जोडा. झोपताना माणूस पेंगलेला असतो, मग ब्रश राहून जातो. आमच्यात जेवणं उरकून भांडी मोरीत पडली की सगळे लगेच बेसिनपाशी. नऊ-सव्वानऊला होऊन जातं. त्यानंतर फक्त पाणी. यात एक फायदा असा झाला की साडेदहाचा चिवड्याचा डबा आपोआप बंद झाला.

---

शेंगाचटणी
७ जानेवारी, सकाळी ७:१२

विजापूर_वेस, अगदी! आमच्यात ब्रश झाल्यावर कुणी डब्याला हात लावला की धाकटी ओरडते, "तोंडाला कुलूप लागलंय!" पाहुण्यांनाही सोडत नाही. परवा माझ्या दिरांच्या हातातला बेसनलाडू परत डब्यात गेला.

---

दंतवैद्या_सो
७ जानेवारी, दुपारी २:२०

कांचन, मी दातांची डॉक्टर आहे, प्रॅक्टिस सोलापुरातच. आधी एक गोष्ट, कारण तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात. ओठाच्या आतला पांढरट चट्टा. मिश्री जिथे धरून ठेवतात नेमक्या त्याच जागी असे चट्टे येतात. ओठ किंवा गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा असेल, जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तोंड पूर्वीएवढं उघडत नसेल, तर ते आधी दाखवायचं, हिरड्या त्यानंतर. बहुतेक चट्टे कॅन्सरचे नसतात, पण काहींचा पुढे होऊ शकतो आणि नुसत्या नजरेने ते सांगता येत नाही. तुकडा काढून तपासायला सांगितला असेल तर पुढे ढकलू नका.

आता शुगर आणि हिरड्या. हे दोन्ही बाजूंनी चालतं. शुगर वाढलेली असली की जंतूंशी लढायची ताकद कमी पडते, जखम भरत नाही, हिरड्या लवकर खराब होतात. आणि हिरड्यांत सतत सूज-पू असला की त्या दाहामुळे शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नाही, शुगर चढते. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर एचबीएवनसी तीन-चार महिन्यांत साधारण ०.४ ने उतरते असं अनेक चाचण्या एकत्र करून दिसलंय. आकडा लहान वाटेल, पण कधी कधी एखादी जास्तीची गोळी दिल्यावर मिळतो तेवढा फरक आहे हा. अर्थात शुगरच्या गोळ्या चालू ठेवूनच.

मिश्रीबद्दल एक लक्षात घ्या. तंबाखूमुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे रक्त येत नाही, लालीही दिसत नाही. माणसाला वाटतं, "मी मिश्री लावते, माझ्या हिरड्या घट्ट आहेत." आतून हाड झिजत असतं. बऱ्याच बायकांना मिश्री सोडल्यावर पहिल्यांदा हिरड्यांतून रक्त येतं, मग त्या घाबरतात आणि परत सुरू करतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

लेकाचं वाईट वाटून घेऊ नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दुधाचे दात २०. त्यांच्या मागे दिसणारी प्रत्येक दाढ कायमची. खड्डा भरून घ्या आणि बाकीच्या तीन दाढांच्या खाचा बुजवून घेता येतील का ते विचारा.

---

कांचन_जुळे
७ जानेवारी, दुपारी ३:०१

डॉक्टर, मनापासून आभार. चट्ट्याचं मी खरंच मागे ठेवलं होतं. आजच फोन करते.

---

बाभूळबन
७ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

माझं मत वेगळं आहे. माझे आजोबा मंगळवेढ्याकडचे, ८४ व्या वर्षी गेले. शेवटपर्यंत कडक भाकरी चटणीबरोबर कडाकडा चावून खात. जन्मात ब्रश पाहिला नाही, बाभळीचं नाहीतर कडुनिंबाचं दातण. आज घराघरात पेस्ट आहे आणि सात वर्षांच्या पोरांच्या दाढा किडतात. मग पेस्टने भलं कुणाचं झालं? जुनं ते टाकून देऊन आपण फसलो असं मला वाटतं.

---

दंतवैद्या_सो
७ जानेवारी, रात्री ९:५०

बाभूळबन, तुमच्या आजोबांच्या दातांवर माझा पूर्ण विश्वास आहे. दातण चघळून त्याचा कुंचला नीट केला तर दातांचा बाहेरचा भाग चांगला साफ होतो, यात वाद नाही. पण आजोबा दिवसातून किती वेळा गोड खात होते? दात किडतो तो गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याने. प्रत्येक गोड घासानंतर, गोड चहाच्या प्रत्येक कपानंतर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते साधारण अर्धा तास दाताचं वरचं कवच विरघळवत राहतं. मग लाळ हळूहळू भरपाई करते. आजोबांच्या लाळेला दिवसभर सवड होती. आजच्या पोरांना बिस्किट, टॉफी, ज्यूस, परत बिस्किट. लाळेने काम करायचं कधी?

दातणाने दोन दातांमधली फट साफ होत नाही आणि त्यात फ्लोराइड नसतं. आजोबांच्या जेवणाला दातण पुरलं, आजच्या जेवणाला पुरत नाही. सकाळी दातण करायचं तर जरूर करा, हिरडीला टोचेल असं नको. रात्री मात्र फ्लोराइडची पेस्ट आणि मऊ ब्रश.

---

श्रीनि_पूर्वभाग
७ जानेवारी, रात्री ११:१५

डॉक्टरांनी 'किती वेळा' हे बरोबर सांगितलं. मी यंत्रमागावर काम करत होतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून हाफ चहा, तासाला एक. पाळीत सात-आठ चहा सहज होतात. त्यावर टोस्ट नाहीतर पुडी. तीस वर्षांचा होईतो चार दाढा काढून बसलो. चहा मला सोडता आला नाही, पण साखर सोडली. पहिला महिना जड गेला, आता गोड चहा तोंडात धरवत नाही.

मिश्रीबद्दल माझ्या आत्याचं सांगतो. ती विड्या वळायची, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते. ज्यांनी विडीचं काम जवळून पाहिलं नाही त्यांना सांगतो, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं. सकाळी बसलेली बाई संध्याकाळी उठते. तंबाखू तिथंच हाताशी. एक चिमूट हिरडीत गेली तर भूक लागत नाही, झोप येत नाही, हजारी (हजार विड्या) लवकर भरते. आम्ही घरात बसून "सोडा की" म्हणतो, तिला ते ऐकू येत नव्हतं, कारण तंबाखू तिच्या कामाचाच भाग होता. डोळ्यांमुळे काम बंद झालं, सूप माळ्यावर गेलं, आणि वर्षभरात तंबाखूही सुटला. नुसता उपदेश करून सुटला नसता.

---

कांचन_जुळे
८ जानेवारी, सकाळी ६:५०

श्रीनि, तुमची पोस्ट रात्री दोनदा वाचली. आज पहाटे मुद्दाम उठून आईला नुसतं बघत बसले. ती पाच वाजता उठते, मागच्या दारी पायरीवर बसते, मिश्रीची डबी काढते आणि पंधरा-वीस मिनिटं बोट फिरवत राहते. तेवढा वेळ तिला कुणी हाक मारत नाही. सासरी बारा माणसांचं घर होतं. दिवसात तिला बसायला मिळायचं ते एवढंच. मी इतकी वर्षं ते दात घासणं समजत होते.

---

नीलांबरी
८ जानेवारी, सकाळी १०:२०

कांचन, हे वाचून गलबललं. माझ्या सासूबाईही अशाच मागच्या दारी बसायच्या.

---

मास्तर_उत्तर
८ जानेवारी, रात्री ८:३०

मी उत्तर सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन गोष्टी.

एक, पुडी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सहावी-सातवीच्या मुलांच्या खिशात सुपारीच्या पुड्या अजून सापडतात. पालक म्हणतात, तंबाखू नाही, साधी सुपारी आहे. डॉक्टरांनी यावर जरूर लिहावं.

दुसरी, ब्रश. शाळेत दोन वर्षांपूर्वी आम्ही दुपारच्या खिचडीनंतर दात घासणं सुरू केलं. जुन्या बाटल्या कापून ब्रश ठेवायला प्रत्येक वर्गाला स्टँड केला, प्रत्येक ब्रशवर नाव. पहिले आठ दिवस पेस्ट खाण्यातच गेले. मग ज्याची त्याची वाटाण्याएवढी पेस्ट आम्हीच वाढायला लागलो. आता मुलं घरी जाऊन आजीला सांगतात, "आजी, मिश्रीत तंबाखू असतो." तीन आज्यांनी मिश्री बंद केल्याचं मुलांनीच सांगितलं. घरात मोठ्यांचं ऐकत नाहीत, नातवंडांचं ऐकतात.

---

दंतवैद्या_सो
८ जानेवारी, रात्री १०:१०

मास्तर, तुमच्या शाळेला सलाम. सुपारी साधी नसते. तंबाखू नसला तरी सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर घट्ट, पांढरट, ताठ होत जातं, तोंड उघडणं कमी कमी होतं, तिखट सोसवत नाही. एकदा ताठ झालेलं अस्तर पूर्ववत होत नाही, आणि त्यात कॅन्सरचा धोका असतो. घरी साधी परीक्षा करता येते: मोठ्या मुलाची स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जायला हवीत. जात नसतील तर दाखवा.

आणि हो, टूथपेस्ट-टूथपावडरमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री मात्र कुठल्याच दुकानातून येत नाही, म्हणून ती राहून गेली.

---

होटगीरोड_७२
९ जानेवारी, दुपारी १२:४०

डॉक्टर, स्पष्ट विचारतो. दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात, हे खरं की खोटं? माझ्या वडिलांनी एका ठिकाणी स्केलिंग केलं, त्याआधी एकही दात हलत नव्हता. नंतर दोन हलायला लागले, गार पाणी झोंबायला लागलं. त्यांनी आधी काहीच समजावून सांगितलं नाही, पैसे घेतले आणि पाठवलं. तेव्हापासून वडील दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत.

---

दंतवैद्या_सो
९ जानेवारी, रात्री ९:३५

आधी न सांगणं ही चूकच. वडिलांचा राग रास्त आहे.

झालं असणार ते असं. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दगडासारखं होतं आणि दातांच्या फटीत बसतं. त्याच्या खाली हिरडी आणि हाड आधीच मागे सरकलेलं असतं. दात हाडाने धरलेला नसून किटणाने एकमेकांना बांधलेला असतो. किटण काढलं की खरी अवस्था दिसते. उघडी पडलेली मुळं आठ-पंधरा दिवस गारव्याला झोंबतात, मग बहुतेकांचं कमी होतं. किटण तसंच ठेवलं तर हाड आणखी जातं आणि दात आपणहून पडतो. मी पेशंटला आरसा हातात देऊन आधी दाखवते, मगच हात लावते.

एक सूचना सगळ्यांसाठी. हृदयाची झडप कृत्रिम बसवलेली असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर दातांच्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. झडपवाल्यांना काही उपचारांआधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, कारण तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. रक्ताच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

---

अमृता_बाळीवेस
१० जानेवारी, सकाळी ११:००

सगळं पटतंय, पण पाण्याचं काय? आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो. टाकी संपत आली की रात्री सगळ्यांनी बेसिनपाशी उभं राहून चुळा भरायच्या म्हटलं की सासूबाई बादली झाकून ठेवतात. मोठी मंडळी "सकाळी घासतो की" म्हणतात त्यामागे हेही आहे.

---

दंतवैद्या_सो
१० जानेवारी, दुपारी २:१५

अमृता, तुमच्या सासूबाईंना सांगा की रात्रीच्या ब्रशला चुळा भरायच्याच नाहीत! पेस्ट वाटाण्याएवढी (तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी), दोन मिनिटं घासायचं, फेस थुंकायचा आणि बस्स. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड सगळं मोरीत जातं. ते रात्रभर दातांवर राहायला हवं, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दात एकटे पडतात. ब्रश धुवायला अर्धा पेला पाणी पुरतं. ट्यूबवर फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम लिहिलंय का बघा. जाहिरातीत कोळसा, मीठ, लवंग काही असो, हा आकडा आधी बघायचा.

---

अमृता_बाळीवेस
१० जानेवारी, दुपारी २:४०

हे घरात आजच वाचून दाखवते. पाणी वाचतंय म्हटल्यावर सासूबाई पहिल्या उभ्या राहतील.

---

बोअरवाला
१० जानेवारी, रात्री ८:०५

आमच्या वस्तीवर बोअरचं पाणी पितो. पोरांच्या दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी डाग आहेत. कितीबी घासलं तरी जात न्हाईत. मग पेस्टमधलं फ्लोराइड चांगलं कसं?

---

दंतवैद्या_सो
१० जानेवारी, रात्री १०:३०

फार चांगला प्रश्न. दात हिरडीच्या आत तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, पोटात फ्लोराइड जास्त गेलं तर असे डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. पेस्टचं फ्लोराइड दाताला वरून लागतं आणि थुंकून टाकतो, ते गिळायचं नसतं. लहान मुलांना समोर उभं राहून थुंकायला लावा. डाग घासून जाणार नाहीत, जोर लावू नका.

---

शेंगाचटणी
१३ जानेवारी, रात्री ९:२०

गड्ड्याला (सिद्धेश्वरांच्या यात्रेला) कोण कोण चाललंय? अक्षताला सिद्धेश्वरी गर्दी होणार. आणि डॉक्टर, यात्रेतल्या ऊस-तिळगूळ-गुडीशेवचं काय ते आधीच सांगा, पोरं ऐकणार नाहीत.

---

विजापूर_वेस
१३ जानेवारी, रात्री ९:४४

ऊस चावल्याने दात साफ होतात म्हणत होते आमचे मामा.

---

दंतवैद्या_सो
१३ जानेवारी, रात्री १०:०२

उसाचा चोथा दात घासतो आणि रस दात किडवतो, मामा अर्धे बरोबर. सणाला खाऊ दे. एकदाच, जेवणाबरोबर पोटभर, वर पाणी प्यायला द्या. दिवसभर खिशात तिळगूळ ठेवून एकेक चघळणं तेवढं टाळा. आंबट किंवा रस खाल्ल्यावर लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ द्या, कवच मऊ झालेलं असतं.

---

कांचन_जुळे
२ फेब्रुवारी, रात्री १०:१५

चट्ट्याचा तुकडा तपासला. कॅन्सर नाही. मिश्री सुटली पाहिजे आणि तीन-तीन महिन्यांनी दाखवत राहायचं, असं सांगितलंय. रिपोर्ट हातात आला तेव्हा आई म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मला घाबरवायला म्हणताय."

मिश्रीचं असं चाललंय. श्रीनि म्हणाले तसं, उपदेश बंद केला. पहाटे पाचला मी तिच्याबरोबर पायरीवर जाऊन बसते. दोन ब्रश, एक पाण्याचा तांब्या. ती ब्रश करते, मी करते, मग आम्ही तशाच बसून राहतो. पहिल्या दोन दिवसांत तिने मला जे सांगितलं ते चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. पंधरा मिनिटं तीच, जागा तीच, फक्त डबी नाही.

सोपं नव्हतं. पहिला आठवडा डोकं दुखलं, चिडचिड, आणि सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे पोट साफ होईना. मिश्रीशिवाय होतच नाही, अशी तिची पक्की समजूत. शुगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की तंबाखू सोडल्यावर असं होतं, थोडे दिवस टिकतं. कोमट पाणी, पालेभाजी वाढवली, दहाव्या दिवशी सुरळीत झालं. हिरड्यांतून रक्तही आलं, पण दंतवैद्या ताईंमुळे ती तयार होती. १८००-११-२३५६ या सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवरही बोलली, लाजत लाजत. पाच वेळांवरून एकवर आली आहे. दुपारची राहिली आहे.

---

श्रीनि_पूर्वभाग
२ फेब्रुवारी, रात्री १०:५०

ताई, रिपोर्टचं वाचून बरं वाटलं. दुपारची का राहिली असेल बघा. दुपारी त्यांच्याजवळ कोण असतं?

---

कांचन_जुळे
३ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

कुणीच नाही. मी ऑफिसात, लेक शाळेत.

---

बाभूळबन
३ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

मी वाद घातला होता, म्हणून कळवतो. सकाळी दातण चालूच आहे, ते सोडणार नाही. रात्री ब्रश सुरू केलाय, मऊ. मुलीच्या मागच्या दाढा बॅटरी लावून पाहिल्या, एकीला काळा ठिपका दिसला. सिव्हिलच्या दंतविभागात दाखवलं, वेळेत आलात म्हणाले.

---

कांचन_जुळे
१२ एप्रिल, रात्री ९:३०

दोन महिन्यांनी लिहिते आहे. हिरड्यांचं काम चार बैठकांत झालं. हलणाऱ्या तीन दातांपैकी एक काढावा लागला, दोन राहिले. परवा तीन महिन्यांची शुगर आली, ८.४. डॉक्टरांनी मध्ये एक गोळी बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय हिरड्यांना देता येणार नाही, असं त्यांनीच सांगितलं. तरी दोन वर्षांत पहिल्यांदा ९ च्या खाली.

दुपारचं कोडं लेकाने सोडवलं. शाळेतून आला की आता तो आधी आजीकडे जातो. तिचा ब्रश आणि त्याचा ब्रश एकाच पेल्यात ठेवलाय, दोघं मिळून घासतात, तो मोठ्याने दोन मिनिटं मोजतो. तो यायच्या आत तिला डबी काढावीशी वाटते, पण त्याला वास येतो आणि तो हिशोब मागतो. गेले सव्वीस दिवस डबी उघडलेली नाही. रिकामी करून देत मात्र नाही. कपाटात वरच्या फळीवर आहे.

नवरा अजून रात्री कंटाळतो. आठवड्यातून चार दिवस.

---

विजापूर_वेस
१२ एप्रिल, रात्री ९:५५

सव्वीस दिवस! आईंना आमचा नमस्कार सांगा. डबी राहू दे फळीवर. आणि साहेबांना जेवण झाल्या झाल्या उठवा, सोफ्यावर टेकू देऊ नका.

---

दंतवैद्या_सो
१२ एप्रिल, रात्री १०:४०

कांचन, फार आनंद झाला. काढलेल्या दाताच्या शेजारी आता फट राहणार, तिथे अन्न अडकेल. टाचणी किंवा सेफ्टी पिन घालू देऊ नका. फटीसाठी बारीक गोल ब्रश मिळतो, तुमच्या डॉक्टरांकडून माप घ्या. आणि चट्टा पुढे दाखवायची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

---

कांचन_जुळे
१२ एप्रिल, रात्री १०:४६

लिहिली. तो बारीक ब्रश नवी पेठेत कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का?

---

अमृता_बाळीवेस
१३ एप्रिल, सकाळी ८:०५

मोठ्या औषधाच्या दुकानात विचारा, मला तिथेच मिळाला. माप मात्र आधी विचारून जा, मी पहिल्यांदा जाड आणला होता तो फटीत गेलाच नाही.